चुलीतला च

१४ मार्च १९९८
गायले! काचेपलीकडून धैर्यशील सर हात उंचावून म्हणाले, "बाई, जिंकलंत!" टीव्हीच्या मालिकेचं शीर्षकगीत, चाल सरांची, आवाज माझा. कॅसेटवर नाव येणार — महादेवी हिरेमठ! राजारामपुरीत गाण्याचा क्लास चालवणारी मी. आता बघू दे सगळ्यांना.

घरी आले तर अव्वा सौंदर्याला भरवत बसलेली. मला बघून तिच्या कन्नडात विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलीस का — आईला दुसरं काही सुचतच नाही. दिल्लीच्या गादीवर बसून आले असते तरी आधी हेच विचारलं असतं. सौंदर्या ताटली बडवत ओरडली, "आत अज्जी, आत!" म्हणजे झालं जेवून. प्रश्न मला, उत्तर ही देणार! चार वर्षांची टवळी.

हे पेंडीच्या दुकानातून आले. म्हणाले, "म्हणजे आता शिळं खायची सवय करायला पाहिजे." पण हसले.

२ एप्रिल
मी नाही.

२ एप्रिल, संध्याकाळी
मुंबईची बाई गाणार. सरांनी बोलावून सांगितलं, तेही सगळ्या वादकांसमोर. "राग मानू नका बाई. सूर पक्का आहे, पण तुमचा च आडवा आला." गाण्याचा पहिलाच शब्द चांदणं. "तुम्ही चहातला च लावताय. तिथं चुलीतला च लागतो. माहेर कन्नड ना तुमचं?" तबल्यावरचा कृष्णात मान खाली घालून हसला. मी पाहिलं.

माझी टेप तरी परत द्या म्हटलं. "ती राहू दे. त्या बाईंना चाल ऐकायला पाठवतो." म्हणजे मी ओझं डोक्यावरून नेऊन द्यायचं आणि वाड्यात बसायचं दुसरीनं!

घरी येऊन दोन्ही म्हणून बघितलं. चहा. चूल. माझी चूलसुद्धा चहातलीच निघते. इतकी वर्षं कुणी बोललं नाही!

५ एप्रिल
चूल. चाक. चुना. चांदणं. जीभ दुखायला लागली.

१९ जून
सौंदर्या बालवाडीतून आली, चांदोबा म्हणाली. चहातला च! हिचंही असंच व्हायचं? हिलाही कुणीतरी काचेपलीकडून सांगायचं, माहेर कन्नड ना तुमचं?

आजपासून घरात मराठीच. अव्वाला सांगितलं, पोरीशी कन्नड बोलायचं नाही. तर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मग माझं तोंड काय शिवून ठिऊ व्हय?"

ह्यांनी तोंड घातलंच. "एका अक्षरापायी म्हातारीला मुकी करतीस व्हय गं?" ह्यांचं काय जातंय! नाव माझं गेलं.

२६ ऑक्टोबर
मालिका सुरू झाली. गल्लीतल्या प्रत्येक घरातून तेच गाणं. वेळ झाली की मी मिक्सर लावते. आज खोबऱ्याचं पीठ झालं अगदी. कॅसेट घरात आणायची नाही म्हणून ह्यांना बजावलंय.

३ डिसेंबर
अव्वा चुकून बोललीच — "ऊटा आतेन?" सौंदर्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अज्जी, जेवलीस का म्हण." शाबास म्हटलं मी. अव्वा उठून गच्चीत गेली, वाळत घातलेल्या मिरच्या उगाच वरखाली करत बसली.

१७ जानेवारी १९९९
अव्वा गेली. महांतेश आला होता न्यायला, जयसिंगपूरहून. माझा भाऊ, पण माझ्याशी धड बोलला नाही. अव्वाच बोलली, स्टँडवर, गाडीत चढताना. "नातीशी बोलायचं न्हाय, मग हितं काय भिंतीशी बोलू?" थांब म्हणायला तोंड उघडलं होतं मी. कंडक्टरनं घंटी मारली.

एवढं काय लागायचं ते मनाला! पोरीच्या भल्यासाठीच करतेय ना मी?

८ ऑगस्ट
क्लासमध्ये क्रांती तेच गाणं म्हणायला लागली. थांबवलं. च चुकतोय म्हटलं, चुलीतला लाव. तर म्हणते, "पण बाई, कॅसेटमधी असंच हाय की!" मी म्हटलं, तुझे कान धुऊन ये. संध्याकाळी तिची आई भांडायला दारात. "टीव्हीवाल्यांपेक्षा तुम्ही शहाण्या व्हय? त्यांच्यासारखं गाता येत न्हाय म्हणून पोरीवर राग काढताय?" पोरीला घेऊन गेली. जा! अशा चार क्रांत्या गेल्या तरी मला फरक पडत नाही.

पडतो. रडले.

११ फेब्रुवारी २०००
पाठांतरात सौंदर्या पहिली! परीक्षक म्हणाले, उच्चार अगदी स्वच्छ. मी सांगितलं, घरात आम्ही फक्त मराठीच बोलतो. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. जयसिंगपूरला कळवावं असं मनात आलं. राहिलं.

९ नोव्हेंबर
महाद्वार रोडला पुस्तक मिळालं, मालिकेची गाणी, स्वरलिपीसह. क्लासला मुलं मागतात म्हणून हातात घेतलं. पहिलं पान. स्वरांखाली सरांची टीप —

"'चांदणं'मधला च चहातल्या च-सारखा मऊ घ्यावा. गाण्याचा सगळा गोडवा तिथंच आहे."

दुकानात उभ्या उभ्या परत वाचलं. मग दुकानदाराला कॅसेट लावायला सांगितली. मुंबईच्या बाईंनी माझी टेप ऐकून चाल उचलली, त्यात माझा च-पण उचलला. जसाच्या तसा. माझा — अव्वाचा! सबंध महाराष्ट्र तो गिरवतोय आणि मी माझ्या घरातून हाकलून दिला.

च आडवा आलाच नव्हता. नाव असलेली बाई हवी होती, एवढंच. मेल्यानं सरळ सांगायचं तरी! आणि मी? मला तरी एकदा मिक्सर बंद करून ऐकायला काय झालं होतं?

कॅसेट घेतली. घरी लावली. ह्यांनी पंखा तेवढा बंद केला आवाज येतो म्हणून.

१० नोव्हेंबर
जयसिंगपूरला फोन लावला. आधी तू बोल म्हणत सौंदर्याच्या हातात दिला. अव्वा पलीकडून मोठ्यानं बोलली, मला इथं ऐकू आलं — "ऊटा आतेन?"

सौंदर्यानं फोनवर हात ठेवला. "आई, अज्जी काय म्हणतेय?"