भरल्या तांब्याची साक्ष

जालना,
श्रावण वद्य द्वादशी, शके १८७९

तीर्थरूप पुंजाराम मामांच्या चरणी भाचा आणि जावई (दोन्ही नाती अजून चालू आहेत असं धरून) मच्छिंद्र याचा साष्टांग दंडवत. इकडं मी खुशाल आहे, म्हणजे उभा आहे. राजूरच्या गणपतीच्या कृपेनं तुमची तबियत, मामीची कंबर, तांबड्या बैलाचा खूर आणि सगुणाचा राग हे सगळं उतारावर असंल अशी आशा करून राह्यलो. पहिल्या तिन्हींचं उत्तर कार्डावर कळवलं तरी चालंल. चौथ्याचं मात्र पाकिटातून कळवा, कारण आमचा पोष्टमन कार्ड आधी वाचतो आणि मंगच देतो, आणि बावीस दिवसांपासून तो माझ्याकडं फार मायेनं पाहून राह्यलाय.

सगुणानं तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक न्हाई, पण ती काय बोलून गेली ते मला पाठ आहे. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता सगळ्या अड्ड्यादेखत तिनं सांगितलं, “मशीन चालू असताना त्याच्या झाकणावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवा. ज्या दिवशी एक थेंब सांडणार न्हाई, त्या दिवशी मी परत येईन.” मामा, कोणाची बायको लुगडं मागते, कोणाची पाटल्या मागते. तुमच्या लेकीनं न सांडणारा तांब्या मागितला, आणि तो देण्यासाठी मी या बावीस दिवसांत काय काय केलं, ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. (धंद्याविषयी तुमचं मत मला ठाऊक आहे. ते सध्या बाजूला ठेवा.)

आधी मशीनविषयी, कारण तुम्ही ते पाहिलेलं न्हाई आणि राजुरात त्याच्याविषयी काय काय पसरलंय ते बाजारकरी मला सांगून जातात. (ते माणसं पिळायचं मशीन न्हाई.) औरंगाबादला छावणीत जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथं मी पलंग घ्यायला गेल्तो आणि हे घेऊन आलो. बाहेरून लोखंडाची टाकी, आत भोकाभोकाचं पिंप. धुतलेले ओले कपडे पिंपात टाकायचे, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनावरून पट्टा चढवायचा, की पिंप गरगर फिरतं, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि कपडे निम्मे वाळूनच हातात येतात. श्रावणात धोतर चार-चार दिवस दोरीवर लोंबतं आणि तरी त्याला कुबट वास येतो, हे तुम्ही जाणताच. तव्हा मी पुढच्या खोलीत लाँड्रीची पाटी लावली, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मला वाटलं आता जालन्यात आपल्यासारखं कोणी न्हाई. तसं झालंबी, पण वेगळ्या अर्थानं.

पहिल्या दिवशी मशीन नुसतं थरथरलं. मला वाटलं नवी जागा आहे, बुजलं असंल. दुसऱ्या दिवशी हिंदकळलं, तिसऱ्या दिवशी नाचायला लागलं. फळीवरची सगुणाची माहेरची पितळी भांडी एकेक करून खाली उतरली. भिंतीवरचा तुमचा फोटो आधी तिरका झाला, मंग आडवा, आणि एके दिवशी पाहतो तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून लटकलेले. (सगुणा म्हणाली, आबांना बघवलं न्हाई.) आणि त्या बुधवारी तर मशीन जाग्यावरून निघालंच. पट्टा निसटला तरी पिंप थांबंना. पाणी उडवत, एकेक पाऊल टाकत ते मधल्या दारापर्यंत गेलं आणि बराबर उंबऱ्यात जाऊन बसलं. आत सगुणा, बाहेर मी, मधात आठ मण लोखंड. चार हमाल बोलवून ते हलवायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात आतून भांड्यांचा, कपड्यांचा, कड्याकोयंड्याचा आवाज येत होता. मला आपलं कौतुक वाटलं, की बघा, एवढ्या गडबडीतबी बाई रिकामी बसली न्हाई, आवराआवर करून राह्यली. मशीन हललं आणि ती पेटी घेऊन बाहेर आली.

ती गेली आणि मी हात धुऊन त्या मशीनच्या मागं लागलो. कडूबा मिस्त्रीला बोलवलं. हा माणूस विहिरींवर इंजिनं बसवतो आणि स्वतः कुठंच दोन घटका बसत न्हाई. त्यानं सगळ्या बाजूंनी फिरून, दोन कप चहा पिऊन सांगितलं की पाय मोकळे आहेत, हे पक्कं गाडा. चारी पाय शिमिटात गाडले, चार दिवस वाळू दिलं. पाचव्या दिवशी मशीन चाललं ते शिमिटासकट, फरशीचे तुकडे पायात चपलेसारखे घालून. कडूबा म्हणाला, मंग दोष जमिनीचा आहे, फार कडक आहे, खाली मऊ पाहिजे. जिनिंगमधून सरकीची पोती आणून खाली घातली. मशीन त्यावर एवढं डोललं की पोती फुटली आणि सरकीच्या वासानं गल्लीतल्या सगळ्या म्हशी लाँड्रीत आल्या. कपडे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना म्हशींच्या मागं नंबर लावावा लागला. मंग कडूबा म्हणाला, वरून वजन पाहिजे. झाकणावर जातं ठेवलं, तर जातंच फिरायला लागलं. (त्यात मूठभर ज्वारी टाकून पाहायचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू.) शेवटी मोटेचा नाडा घेऊन मशीन अंगणातल्या लिंबाला बांधलं. मशीन थांबलं न्हाई, पण लिंब हलायला लागला आणि त्यावरचे कावळे स्टेशनकडं राहायला गेले. कडूबा म्हणाला आता देवाचं काही असंल तर बघा, आणि आपला पान्हा उचलून निघून गेला.

या प्रत्येक उपायानंतर मी झाकणावर तांब्या भरून ठेवायचो. कधी तो गिरणीवाल्याच्या अंगावर, कधी इस्त्री केलेल्या कपड्यांवर, एकदा म्हशीच्या पाठीवर. तांब्याला आता इतके पोचे आलेत की आधीपेक्षा पाणी कमी मावतं. मामा, हे वाचून तुम्ही हसत असाल तर हसा, पण तांब्या सांडला की मी तो उचलून नुसता बसून राह्यचो. वाटायचं, गेला आजचाबी दिवस.

आता चतुराबाईचं सांगतो. चतुराबाई परटीण कुंडलिका नदीवर आमचे सगळे कपडे धुते, तिच्याशिवाय ही लाँड्री म्हणजे नुसती पाटी. इतके दिवस ती दारात बसून तंबाखू मळत हा तमाशा पाहत होती. मी कावून गेल्तो, म्हणून तिलाच विचारलं, की बाई, तुला तरी काही समजतं का यातलं. ती म्हणाली, “गाढवावर एकाच अंगाला ओझं बांधलं तर गाढव लाथा झाडंल का न्हाई? तसंच झाडून राह्यलंय.” मी म्हणालो, मंग आधी का न्हाई सांगितलं? तर म्हणते, तुम्ही मिस्त्रीला इचारत होते, मला कुठं इचारलं. 

ओझं एकाच अंगाला का पडायचं, तर त्याला आपलं जालना जबाबदार. इथं कपडे टाकणाऱ्या प्रत्येक घराची एकच अट, की आमचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांना लागता कामा न्हाई. जैनांचे वैष्णवांना नको, वैष्णवांचे आपल्याला नको, आणि मास्तरांचे कोणालाच नको, कारण त्यांना शाई लागलेली. म्हणून मी प्रत्येक घराचे कपडे वेगळ्या गाठोड्यात बांधायचो आणि गाठोडी जशी येतील तशी पिंपात सोडायचो. एका अंगाला हुकमचंद शेठच्या घरचं गाठोडं (घरात सतरा माणसं, आणि शेठजींना एकट्याला तिघांचं कापड लागतं), दुसऱ्या अंगाला मास्तरांचे दोन सदरे. मंग मशीननं लाथा झाडू न्हाई तर काय करावं?

चतुराबाईनं आणि मी गिरणीचा तराजू आणला आणि ओली गाठोडी जोखायला बसलो. तोलाला तोल, समोरासमोर. मास्तरांच्या सदऱ्यांसमोर कंपौंडरच्या दोन विजारी बराबर बसल्या, टपाल कचेरीसमोर तहसील बसली. लग्नं जमवताना माणूस काय दमत असंल ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांना जोड मिळाला, फक्त हुकमचंद शेठच्या गाठोड्याच्या तोलाचं गाठोडं सगळ्या गावात एकच निघालं, सत्यनारायण शेठचं. हे दोघं भिंतीला भिंत लावून राहतात आणि मधल्या नालीवरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत न्हाईत. विचारलं असतं तर दोघांनीबी बिलकुल न्हाई म्हटलं असतं, म्हणून मी विचारलंच न्हाई. (हे चुकलं. मान्य आहे.)

परवा मंगळवारी दोन्ही गाठोडी समोरासमोर ठेवली, झाकण लावलं, पट्टा चढवला, तांब्या काठोकाठ भरला. पिंप फिरायला लागलं. मामा, काय सांगू, घरात कोणी शांतपणे सूत कातावं तसा नुसता घूं घूं आवाज. तांब्यातलं पाणी जरासं शहारलं, काठापर्यंत आलं आणि तिथंच राह्यलं. एक थेंब सांडला न्हाई. मी जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. चतुराबाई म्हणाली, रडता काय, बायकोला पत्र टाका. मशीन थांबल्यावर मी तो तांब्या तसाच दोन्ही हातांनी उचलून मेजावर ठेवला, चार माणसांना दाखवायला.

तेवढ्यात सत्यनारायण शेठच्या पत्नी भगवतीदेवी त्यांची ओढणी जल्दी पाहिजे म्हणून स्वतः आल्या, आणि झाकण उघडं. आत एका अंगाला त्यांचं गाठोडं, समोर हुकमचंद शेठचं, आणि शेठजींच्या पगडीचं एक टोक गाठोड्यातून बाहेर येऊन यांच्या गाठीला जाऊन बिलगलेलं. पाच मिनिटांत दोन्ही शेठ लाँड्रीत हजर. सहा वर्षांचं न बोललेलं बोलणं त्यांनी माझ्या खोलीत बोलून काढलं. नाली निघाली, भिंत निघाली, कोणाच्या तरी आजोबांनी लावलेला पेरू निघाला. बोलून बोलून हुकमचंद शेठचा घसा सुकला, तसा त्यांनी मेजावरचा तांब्या उचलला आणि वरून घटाघटा अर्धा संपवला. मंग श्वास घेऊन त्यांनी तो सवयीनं पुढं केला, आणि उरलेला सत्यनारायण शेठ प्याले. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एका भांड्यातून पाणी घेतलं, आणि ते नेमकं माझ्या पुराव्याचं होतं.

दोघंबी साक्ष द्यायला राजी आहेत की तांब्या काठोकाठ होता. एका कागदावर मात्र सही करायला तयार न्हाईत, म्हणून सोबत दोन वेगळे कागद जोडले आहेत. दोन्हींवर मजकूर एकच आहे, तो चतुराबाईनं सांगितला. तरी हे सगुणाला दाखवावं आणि तिच्या शब्दाची आठवण करून द्यावी. मामीच्या कंबरेला एरंडाचं तेल चालू ठेवा, आणि खूर पोळ्याआधी बरा न झाला तर बैलाला मिरवू नका. मोठ्यांना दंडवत, लहानांना पापे, आणि कमीजास्त लिहिलं असंल तर ते हादऱ्यामुळं समजावं.

आपला,
मच्छिंद्र

ता.क. सगुणा अर्थातच म्हणंल की मला डोळ्यांनी दाखवा. आणि आज दाखवता येत न्हाई. सत्यनारायण शेठनं काल निरोप धाडला की ज्या मशीनमध्ये ते गाठोडं, त्यात आमचं न्हाई. म्हणजे हुकमचंद शेठ पुन्हा एकटे आणि मशीन पुन्हा लाथा झाडून राह्यलंय. तर मामा, पत्राचं खरं कारण हे. तुमचं घर तेरा माणसांचं, त्यात मामीची आणि काकूंची नऊवारी लुगडी, तुमचे दोन फेटे. मी मनात जोखून पाहिलं, बराबर तोल होतो. दर बाजाराला मोटारीवर एक गाठोडं पाठवा. धुऊन, पिळून, इस्त्री करून परत धाडीन, खर्चा माझा. जावयानं सासऱ्याचं धोतर धुवायचं हे राजुरात कसं दिसंल ते मी जाणतो. तुम्ही गावात ‘जावयाचं जालन्यात दुकान आहे’ एवढंच सांगता, कशाचं ते सांगत न्हाई, हेबी जाणतो. लाज वाटत असंल तर गाठोड्यावर ‘तूर’ लिहा. मला मात्र लाज वाटत न्हाई. काम चांगलं आहे, आणि मला ते येतंय.

आणखी ता.क. गाठोडं सगुणाच्या हाती पाठवता आलं तर बरं. ती तयार नसंल तर नुसतं गाठोडं पाठवा. न्हाई, असं करा, गाठोडं राह्यलं तरी चालंल, तिला पाठवा.

आणि हे शेवटचं. जाताना तिचं एक हिरवं लुगडं खुंटीवर राह्यलं. मी सगळ्या गावाचे कपडे धुतो, पण बावीस दिवस झाले, ते लुगडं पाण्यात घालायला माझा हात होत न्हाई. हे तिला सांगू नका, आळशी म्हणंल.