येबरे म्हणजे कोण

३ फेब्रुवारी
दादाचा फोन. पिंकीला, म्हणजे त्याच्या लेकीला, बघायला लातूरची माणसं येणार. "आडनाव बदलून घेऊ. मुडबीकर लावू. येबरे कुठलं, कुणाचं, लोक विचारायलेत."
मी म्हणाले, तुझं बदल. माझं राहू दे. शाळेत पोरं येबरे मॅडम म्हणतात, तेच ऐकत म्हातारी व्हायचंय.

८ फेब्रुवारी
बसवकल्याणहून मुडबीला गेले, आत्याकडे. आडनावाचं विचारलं. आधी म्हणाली, "मला न्हाई ठाऊक." चहा झाल्यावर आपणहून बोलली.
"निजामाच्या काळात पूल बांधायला जर्मन गोरा आलता. येबर म्हणत त्याला. सटवाबाई, माझ्या बापाची आजी, त्याच्याकडं पाणी भरायची. गावात आपल्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. त्यो घ्यायचा."
कप विसळून आली, मग पुढचं.
"लेकरू झालं. लग्न न्हाई. त्यो तापानं मेला. लेकराला येबऱ्याचा म्हणू लागले. शिवी व्हती ती. माझ्या बापाला शाळेत घातलं तवा मास्तरनं तीच आडनाव म्हणून लिवली."

१६ फेब्रुवारी
येबर म्हणजे वेबर असणार म्हणून पिंकीनं इंटरनेटवर हुडकून जर्मनीतली एक म्हातारी काढली. तिच्या घराण्यातला एक वेबर पूल बांधायला हैदराबादकडे आलेला. आज व्हिडिओ कॉल. पिंकी इंग्रजीत बोलली.
म्हातारीनं सांगितलं, वेबर म्हणजे विणकर. घरात पूर्वी सगळ्यांचे माग.
मग म्हातारी अगदी नम्रपणे: आमचा तो अविवाहित वारला, मूलबाळ नव्हतं.
पिंकीला म्हटलं, सांग तिला. लग्न झालं नाही हे आम्हालाही माहीत आहे. लेकरू झालं हे तुम्हाला आज कळलं. आम्हाला तुमचं काही नको.
ती डीएनए तपासणी करा म्हणाली. थुंकी पाठवायची म्हणे. ह्या नावावर गावानं थुंकायचं तेवढं थुंकून झालंय. मी नको म्हणाले.

१७ फेब्रुवारी
दादा एकदम खूश. "मग जर्मन इंजिनियरचा वंश म्हणूनच सांगू. सटवाबाईचं कामून काढायलीस?"
कालपर्यंत नाव लपवायचं होतं, आज बाई लपवायची. फोन ठेवून दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार
लातूरची माणसं आली. मुलाच्या काकांनी आडनावाचं विचारलंच. दादानं "आमचे खापरपणजोबा जर्मन..." सुरू केलं. मी मधेच म्हणाले, लग्न नव्हतं झालं त्यांचं. आणि सगळं सांगितलं. पाणी, लेकरू, शिवी. काका चहाच्या कपात बघत बसले. पिंकी आतून येऊन माझ्याशेजारी बसली.
मुलाची आजी तेवढी बोलली. "त्यो मेल्यावर सटवाबाईनं काय केलं?"
गोऱ्याचं गाव, घराणं, सगळं काढलं मी. हे आत्याला विचारलंच नव्हतं, तसं सांगितलं.
"मग ते काढ की, बाई."
कळवतो म्हणून पाहुणे गेले.

२५ फेब्रुवारी
लातूरचा निरोप नाही. दादा बोलत नाही. मी विघ्न आणलं म्हणे.
आत्याला फोन केला. "तिला गावात राहू दिलं न्हाई. लेकरू भावाकडं ठेवलं अन् औरादकडच्या चिंताकी गावाला गेली म्हणत. फुडचं कुणी सांगितलंच न्हाई."
उद्या रजा टाकलीय. औरादची गाडी धरून चिंताकी. कुणाला विचारायचं, काही माहीत नाही. पिंकी येते म्हणते. दादानं तिला अडवलं, तरी येते म्हणते.