चालेल

आबा, मी बस घेतेय. प्रवासाला नव्हे, राहायला. जुनी बस घ्यायची, सीटा काढून टाकायच्या, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि मग रस्ता नेईल तिथे राहायचं, कायमचं. तुम्ही असतात तर चष्मा पुसत विचारलं असतंत, “कुठल्या सालची?” हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. सगळे एकच विचारतात, “या वयात?” बावन्न वर्षांची बाई नवऱ्याचा नेरूळचा फ्लॅट सोडून घणसोली गावात भाड्याच्या खोलीत येऊन राहिली, यावर नातेवाइकांची वर्षभर करमणूक चालली होतीच, आता बस म्हटल्यावर त्यांची पुढची बेगमी झाली. माझी मुलगी तेवढी फोनवर म्हणाली, “आई, कर तू. फक्त टॉयलेट नीट बसवून घे.” ती शहाणी निघाली. तुमच्यावर गेली नाही आणि माझ्यावरही नाही.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनात तुमच्याशी फक्त भांडत आलेय, कारण तुम्ही होतात तेव्हा भांडता येत नव्हतं. तुमच्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं, आणि भिंत निदान आवाज तरी परत देते. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. तुम्ही आयुष्यभर तोंड मिटून बसलात आणि त्याचं मोल आम्ही मोजलं. आज लिहायला बसलेय ते एका शब्दामुळे. तो शब्द तुमचाच आहे. तो माझ्या डोक्यात अठ्ठावीस वर्षं कुसळासारखा रुतून बसलाय.

पण आधी तुमचा बसडेपो. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची आणि दुपारचा डबा घेऊन मी तुमच्याकडे यायचे. तुम्ही बॉडी सेक्शनला. बसचा पत्रा, पायऱ्या, खिडक्या, सगळं तुमच्या हाताखालून जायचं. मला दिसतंय अजून: बाहेरून रंगवून आलेली एक बस उभी आहे, लाल, ओलसर, चकचकीत, आणि तुम्ही तिच्या कडेकडेने चालताय. हातात जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक. चांगल्या पत्र्यावर ते टक्कन चिकटतंय. जिथे पत्रा सडलाय आणि कुणीतरी भोकात पुट्टी भरून वरून रंग फासलाय, तिथे ते चिकटत नाही, सुटून तुमच्या तळहातात पडतंय. तुम्ही खडूने तिथे फुली मारताय. मी डबा सांभाळत मागे मागे येतेय आणि न राहवून म्हणते, “आबा, कसला भारी रंग आहे!” तुम्ही वळलात. सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल असं म्हणालात, “रंग बघायचा तर बाजारात जा. गाडी पायरीपासून सडते. खाली वाकून बघ.” सगळे हसले. मी डब्याच्या फडक्यात तोंड खुपसून रडले, आणि तुम्ही त्याच फडक्याला हात पुसून जेवायला बसलात.

जेवण झालं की मला घरी धाडायला तुम्ही स्टॉपपर्यंत यायचात. ठाणे–बेलापूर रोडवर तेव्हा सावलीला एक झाड नव्हतं. आणि कधी कधी समोर आलेली रिकामी बस तुम्ही सोडून द्यायचात. “पुढच्या गाडीने जा.” ऊन मी म्हणत असायचं, पायाखाली डांबर मऊ झालेलं असायचं, आणि मी तुमचा हात झटकून धुसफुसत उभी राहायचे. पुढची गाडी यायला अर्धा अर्धा तास लागायचा.

तर तो शब्द. मी चोवीस वर्षांची आहे, आपल्या घणसोलीच्या खोलीत आईने शिरा केलाय, आणि तो त्याच्या मामांना घेऊन मला बघायला आलाय. कडक इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, बोलायला साखर. त्याने आईच्या शिऱ्याचं कौतुक केलं, मामांची थट्टा केली, तुम्हाला डेपोबद्दल दोन प्रश्न विचारले आणि तुमची उत्तरं मान डोलावत ऐकली. तुम्ही ड्युटीवरून थेट आला होतात, हाताला रॉकेलचा वास होता. अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपला. ते जिना उतरल्यावर आईने विचारलं, “कसा वाटला?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, “चालेल.”

बस्स. एवढंच. पन्नास परकी माणसं बसायची म्हणून तुम्ही एकेका बसखाली दोन दोन दिवस पालथे पडायचात, आणि पोटच्या पोरीसाठी अर्धा तास आणि एक शब्द. ना चौकशी, ना त्याच्या ऑफिसात एक फेरी, ना मला बाजूला घेऊन दोन वाक्यं. हे मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही.

वरून कीर्तन, आतून तमाशा. तसाच निघाला तो. मारलं नाही कधी, प्यायचा नाही, बाहेरचे लोक तर अजून म्हणतात की असा माणूस मिळायला भाग्य लागतं. सोसायटीचा सेक्रेटरी, गणपतीत सगळ्यांत पुढे, म्हाताऱ्यांची औषधं आणून देणारा. आणि दार लागलं की मुका. आमटीत मीठ जास्त पडलं, अबोला. मी माहेरी फोन केला, अबोला. तो एकदा सुरू झाला की आठवडे जायचे. एकदा गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ताट सरकवलं की नको, चमच्याचा आवाज केला की हवं, एवढ्यावर संसार. दुसऱ्याच मिनिटाला बेल वाजली की दारात तोच हसरा चेहरा, “या या, काका!” कुणाला काय सांगणार होते मी? नवरा बोलत नाही, ही तक्रार ऐकून लोक हसतात. बायका तर म्हणायच्या, नशीबवान आहेस.

तुमच्याकडे मी आले होते एकदा. आई वारली होती तेव्हा. तुम्ही स्वतः चहा केलात, कपात ओतलात, बशी शोधायला लागलात. मी सगळं सांगितलं. तुम्ही बशी पुसत ऐकलंत आणि म्हणालात, “राहा चार दिवस.” मी चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी तुम्ही माझी पिशवी उचलून स्टॉपवर आलात. त्या दिवशी तुम्ही एकही बस सोडली नाहीत, आबा. पहिलीच आली तिच्यात मला बसवलंत.

लग्नात तुम्ही माझ्या ट्रंकेत भांड्यांच्या मधोमध ते चुंबक ठेवलं होतं, पिवळ्या फडक्यात गुंडाळून. मला वाटलं चुकून आलं. मग वाटलं, द्यायला काही सुचलं नसेल. नेरूळला त्या चुंबकाने सत्तावीस वर्षं फ्रिजवर लाईटबिल धरून ठेवलं. मागच्या वर्षी घर सोडताना दोन बॅगा भरल्या आणि जाता जाता फ्रिजवरून ते काढून घेतलं. बिल खाली पडलं. उचललं नाही.

आता बस. दोन महिने मी बसच बघत होते. आधी वाटलं होतं, मोठी घेऊ, ऐसपैस. मग कळलं की मोठी बस घाटात आणि गावच्या बोळांत अडकते, आणि छोट्या बसमध्ये मला नीट उभं राहता येत नाही. घरात वाकून चालायचं तर मग नेरूळ काय वाईट होतं? उंची बघायची, खिडक्या बघायच्या, आरटीओ रंग आणि कागद बदलून देईल का ते बघायचं. मी नोकरी करते ते ऑफिस जासईच्या कंटेनर यार्डांतलं. तिथेच जवळ एका आवारात जुन्या बस विकायला उभ्या असतात. त्यातली एक मी मनात पक्की करून टाकली. आधीची शाळेची बस, आता नवा आकाशी रंग, मोठ्ठ्या खिडक्या. पलंग कुठे, ओटा कुठे, ओव्याची कुंडी कुठे, सगळं माझं ठरलं होतं. तरी बयाणा देण्याआधी गावातल्या तुमच्या त्या काकांना घेऊन गेले. बॉडी सेक्शनला तुमच्या हाताखाली होते ते, मूळचे घणसोलीचेच. पंचाहत्तरी उलटली तरी कमरेत ताठ आहेत.

एजंट लगेच सुरू झाला. “मॅडम, टेन्शनच नका घेऊ. शाळेची गाडी, आत फक्त पोरं बसली. एकदम कडक कंडिशन. लूक बघा ना!”

मी लूक बघतच होते. काका पायरीशी वाकले आणि पान्याने ठोकायला लागले. मी पर्समधून चुंबक काढून पत्र्याला लावलं. खिडकीखाली चिकटलं. पायरीच्या बाजूला नेलं, तर ते सुटून माझ्या चपलेवर पडलं. मागच्या चाकाच्या वर लावलं, तिथूनही पडलं. मी एजंटकडे बघितलं नाही. मला ती बस हवी होती.

काका उठले, हात झटकले आणि म्हणाले, “चालेल.”

माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांनी, त्याच आवाजात, तोच शब्द. मी भर आवारात ओरडले, “काका, सरळ बोला! घेऊ की नको?”

काका चकितच झाले. “अगं बाय, बोललो ना चालेल. म्हंजे नको.”

“चालेल म्हणजे नको?”

“तुज्या बापसाचाच शब्द हाय तो. गाडी बरी असली का काचेवर खडूनं ओके. गाडी सडलेली, पन सायेब बोलतो काय पन करा, रस्त्यावर काढा, तवा तुजा बापूस बोलायचा, चालेल. म्हंजे चाकं फिरतील, बाकी मना विचारू नका. आमी समजून जायचो. त्या गाडीत आमच्यातला कोन पन बसायचा नाय.”

मी म्हणाले, “मला हे माहीतच नव्हतं, काका.”

“तुला कोन सांगनार? ती कामावरची भाषा,” काका म्हणाले आणि पलीकडच्या बसकडे गेले. कुठल्याशा कंपनीची स्टाफ बस, मातकट रंग, ठिकठिकाणी पोचे, फाटक्या सीटा. मी दोन महिने तिच्यावरून नजरही न थांबवता पुढे गेले होते. काका गोणपाट पसरून तिच्याखाली सरकले, पंधरा मिनिटं फक्त ठोकल्याचे आवाज येत राहिले, मग धुळीने माखून बाहेर आले. खडू मागितला. माझ्याकडे नव्हता. त्यांनी पुढच्या काचेवरच्या धुळीत बोटाने लिहिलं, ओके.

तीच घेतली. दुसरा इलाज नव्हता. आकाशी बसमध्ये आता मी बसूच शकले नसते. आज तिच्यातच बसून लिहितेय. मागे माणूस सीटा कापतोय, दुपारचा पत्रा तापलाय, आणि उंची अशी की मी हात वर केला तर बोटं छताला जेमतेम लागतात. हे पत्र जायचं कुठेच नाही, त्यामुळे आता उगाच लपवाछपवी नको.

सायेब बोलतो रस्त्यावर काढा, तवा. काकांचं हे वाक्य आठवडाभर माझा पिच्छा सोडत नाहीये. त्या दिवशी आपल्या खोलीत साहेब कोण होतं, आबा? आईला तर तो फारसा आवडलाही नव्हता. साहेब मी होते. गॅलरीत आम्हाला दोन मिनिटं बोलायला सोडलं होतं ना, तेव्हा तो म्हणाला होता, “लग्न झालं की एक गाडी घेऊ आणि सगळा महाराष्ट्र पालथा घालू.” घणसोलीच्या एका खोलीत वाढलेल्या पोरीला तेवढा रंग पुरला. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत तेव्हा तुम्हाला माझा चेहरा दिसला असणार. त्या चेहऱ्यापुढे तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत, आणि हो म्हणायला तुमची जीभ रेटली नाही. तरी तुम्ही बोलायला हवं होतं. साध्या मराठीत, बापासारखं. आणि त्या पाचव्या दिवशी मला बसमध्ये बसवायला नको होतं. त्याची माफी आजही नाही.

पण माहीत नव्हतं, हे काकांना मी खोटं सांगितलं. नऊ वर्षांची असताना एकदा स्टॉपवर रडकुंडीला येऊन मी विचारलं होतं, “या बसमध्ये का नाही बसायचं?” तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणाला होतात, “काल तिला चालेल म्हणून सोडलीय मी.” तुम्ही विसरला असाल. मी विसरले नव्हते. तुम्ही खिडकीबाहेर बघत चालेल म्हणालात, तेव्हा ते स्टॉपवरचं ऊन मला लख्ख आठवलं होतं. आठवलं, आणि मी उरलेल्या शिऱ्याची वाटी पुढे ओढून आईला म्हणाले, “बघ, आबांना पसंत आहे.”