फक्त एक वर व एक वधू

२ सप्टेंबर, मंगळवार
बीपी एकशेसाठ-शंभर. डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. म्हणून ही वही. कोणी वाचायचा प्रश्न नाही. बायकोला विचारलं, वाचशील का, तर अरुंधती म्हणाली, तुम्ही बोलता तेवढं मला पुरतं.

आज श्रीयश आला होता. आपल्या मंगल कार्यालयाचा फोटोग्राफर. आठ वर्षं काम करतोय. आमच्या मुलीच्या, वल्लरीच्या वर्गातला, दर वर्षी तिच्याकडून राखी बांधून घेतो. माहितीपत्रकावरचा माझा फोटो त्याचाच. पोट न दिसता काढलाय, ही कला आहे. म्हणाला, काका, पितृपंधरवड्यात एक दिवस लॉन मिळेल का, साठच माणसं आहेत. म्हटलं, घे की! त्या पंधरा दिवसांत लॉनवर कुत्रं फिरकत नाही. कार्यक्रम कसला? म्हणाला, माझं आणि विहंगचं लग्न.

विहंग म्हणजे देहूरोडच्या डेपोत क्लार्क आहे तो उंच मुलगा. इतके दिवस मला वाटायचं, लाइट धरायला येतो.

म्हटलं, विचार करून सांगतो. आधी मनात आलं, पितृपंधरवड्यात लग्न? मग लक्षात आलं, मुख्य आक्षेप तो नाही.

३ सप्टेंबर
फोन करून नकार कळवला. शांतपणे. संस्कृती हा शब्द अकरा वेळा आला, असं अरुंधती म्हणते. ती मोजत होती. श्रीयश फक्त म्हणाला, 'बरं काका.' भांडला असता तर मी मोकळा झालो असतो.

माझा कोणाला विरोध नाही. मी अत्यंत मोकळ्या मनाचा आहे. विरोध फक्त लग्नाला. माझ्या कार्यालयात. आणि बाहेरही.

गेटवरचे महिपतीआबा म्हणाले, "शेठ, मागल्या साली कुत्र्याचा वाढदिवस केलाता की हितं. फेटा बांधलाता त्याला."
म्हटलं, आबा, तो वाढदिवस होता.
म्हणाले, "व्हय. कुत्रं लय गुणाचं हुतं."

५ सप्टेंबर
मुद्दा एकदाचा मिटवला. गेटवर बोर्ड लावला. सहा बाय चार, पिवळ्यावर लाल.
'या वास्तूत फक्त एक वर व एक वधू यांचाच विवाह होईल. हुकुमावरून.'
हुकूम कोणाचा, असं अरुंधतीने विचारलं. माझाच. पण 'हुकुमावरून' लिहिलं की वजन येतं.

९ सप्टेंबर
जुन्या हायवेवरून जाणाऱ्या कोणीतरी बोर्डाचा फोटो काढला. काल संध्याकाळपर्यंत तो पुण्यात, आज म्हणे सगळीकडे. आपली जाहिरात आपोआप होतेय. गूगलवर 'वल्लरी मंगल कार्यालय व लॉन्स'ला चार पूर्णांक सहा स्टार होते, ते आता एक पूर्णांक नऊ. ब्राझीलच्या एका बाईने एक स्टार दिलाय. तिने आपला मठ्ठा कधी प्यायला?

एका आयटी कंपनीने आपल्याकडचा वार्षिक कार्यक्रम रद्द केला. कंपनीची पॉलिसी. जाऊ दे. ते लोक जेवतात कमी आणि नाचतात फार.

१३ सप्टेंबर, शनिवार
वल्लरी पुण्याहून आली. गेटवरच थांबली. बोर्ड पूर्ण वाचला. आत येऊन चपला न काढता बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाली, बाबा, ज्या दारातून श्रीयशला परत पाठवलंत, त्या दारातून मी नवरी म्हणून येणार नाही. बोर्ड काढा आणि त्याच्याशी एकदा नीट बोला. नाहीतर माझं लग्न दुसरीकडे.

हे इथे लिहून ठेवतो. कार्यालय बांधलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिचंच नाव दिलं. बावीस वर्षांत सतराशे लग्नं लागली या लॉनवर. प्रत्येक वेळी मी मागे खांबाशी उभा राहून, समोरच्या नवरीच्या जागी तिला बघितलंय. आता तिचं ठरलंय, तीस नोव्हेंबरला, ओंकारशी, मुहूर्त बारा अडतीस. त्या तारखेला मी दुसऱ्या कोणाला उभंही केलं नाही.

आठ दिवसांत येईल ताळ्यावर. हट्टी आहे, पण शेवटी माझीच मुलगी.
(हे वाक्य परत वाचलं. त्यात दिलासा वाटत नाही.)

१६ सप्टेंबर
चॅनेलवाले आले. मी ठणकावून सांगितलं, कोर्टानेही अशा लग्नांना कायदेशीर मान्यता दिलेली नाही. ती अँकर म्हणाली, पण ते तुमच्याकडे मान्यता मागत नव्हते, हॉल मागत होते.
मी माईक काढून ठेवला. उत्तर सुचलं होतं, पण चारला, आंघोळ करताना.

१८ सप्टेंबर
आज एकटेपणा संपला. कोंडाजी आला. पंचक्रोशीत वजन आहे त्याचं, यंदा निवडणुकीला उभं राहायचं चाललंय. मला मिठी मारली. "शेठ, उभ्या तालुक्यात तुमीच येक मर्द निगालात. आता तुमी एकलं न्हाई. आमी हाय."
डोळ्यांत पाणी आलं. चहा, भजी, परत चहा झाला. सतरा माणसं होती.

२१ सप्टेंबर, रविवार
कामशेतपासून तळेगावपर्यंत प्रत्येक चौकात माझा फ्लेक्स! 'संस्कृतीचा पहारेकरी, दिगंबरशेठ.' मी हात जोडून, मागे उगवता सूर्य. खाली शुभेच्छुक म्हणून बावीस चेहरे, त्यांतले दोन मला माहीत आहेत. कोंडाजी माझ्यापेक्षा थोडा मोठा छापलाय.
फोटो माहितीपत्रकातला. म्हणजे श्रीयशने काढलेला. पोट दिसत नाही.

२४ सप्टेंबर
कोंडाजीने बोर्डाचं रीतसर अनावरण केलं. म्हटलं, तो तीन आठवडे लागलेलाच आहे. म्हणाला, "लागलाय, पर नारळ फुटल्याबिगर त्याला अर्थ न्हाई." नारळ फुटला. हार घातला. खाली कोणीतरी लिंबू-मिरची बांधली. आता येणारा-जाणारा पाया पडतो. महिपतीआबा उदबत्ती लावायला लागलेत. विचारलं, तर म्हणाले, "लोकं पडत्यात पाया, आपलं कशाला न्हाई म्हना."

कोंडाजीची माणसं रोज गेटवर बसतात. संरक्षणासाठी. चहा आपला.

२ ऑक्टोबर, दसरा
यशोधराबाईंचा फोन. ओंकारच्या आई, निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला. म्हणाल्या, मुलांचं ठरलंय, तुंगार्लीत आमच्या घराच्या अंगणातच लग्न करू, तारीख-मुहूर्त तेच. तुमचा गैरसमज नसावा.

गैरसमज अजिबात नाही. हा वल्लरीचा दबाव आहे, एवढं मला कळतं. दबावाला दबावाने उत्तर. कोंडाजी माझ्या जाहीर सत्कारासाठी तारीख मागतच होता. देऊन टाकली, आपल्याच लॉनवर. तीस नोव्हेंबर. स्वतःच्या लग्नाची तारीख हातची जातेय म्हटल्यावर धावत येते की नाही बघा.

६ ऑक्टोबर
अजून धावत आली नाही.

१४ ऑक्टोबर
अरुंधतीने आज फक्त एवढंच विचारलं, बोर्ड उतरवायला किती वेळ लागतो? म्हटलं, चार नट आहेत. म्हणाली, चारच?

निर्णय घेतला. तत्त्व मनात असतं, गेटवर कशाला हवं? उद्या पहाटे, कोंडाजीची माणसं यायच्या आत, गुपचूप काढतो. विचारलंच तर वाऱ्याने पडला.

१५ ऑक्टोबर, सकाळ ५.४०
शिडीवर होतो. दोन नट निघाले. तिसरा गंजलेला. खालून आवाज आला, "शेठ, हे काय?"
कोंडाजी. मॉर्निंग वॉक. निवडणूक येतेय म्हणून यंदापासून चालतो.
म्हटलं, ढिले झाले होते, आवळतोय.
तो गहिवरला. म्हणाला, "ह्या वयात तुमी शिडीवर? आमी मेलोत का?" आणि तिथल्या तिथे कोणाला तरी फोन लावला.

त्याच दिवशी, दुपारी
नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातले दोन वेल्डर आले. बोर्ड गेटच्या खांबाला चारही बाजूंनी वेल्ड केला. वेल्डर म्हणाला, "आता भूकंप झाला तरी निगत न्हाई, शेठ. गेट पडंल, बोर्ड न्हाई."
मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

२७ ऑक्टोबर
वल्लरीचा फोन. रागावली नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, बाबा, बोर्डाचं राहू द्या. तुम्ही या. फक्त तो सत्कार घेऊन येऊ नका. एक काहीतरी निवडा.
म्हटलं, अगं, सत्कार दहाला, लग्न बारा अडतीसला, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. निवडायचं कशाला? नियोजन करायचं.
ती म्हणाली, 'बरं बाबा.'
हे 'बरं' आजकाल सगळेच शिकलेत.

९ नोव्हेंबर
श्रीयशशी बोलायचं ठरवलं. फोन हातात घेतला, ठेवला. मेसेज लिहिला, खोडला. चार वेळा. शेवटी गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' पाठवलं. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.
विषय मिटला. किती सोपं होतं! अरुंधतीला सांगितलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

२२ नोव्हेंबर
अरुंधती रुखवत घेऊन तुंगार्लीला गेली. आठवडाभर तिकडेच. जाताना म्हणाली, कन्यादानाला माझ्या शेजारचा पाट तुमचाच आहे, मी कोणाला बसू देणार नाही. पण मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार नाही.
घर मोठं वाटतंय. नियोजन पक्कं आहे, काळजी नाही.

२८ नोव्हेंबर
कोंडाजीला म्हटलं, सत्कार पुढे ढकलता येईल का, घरचं कार्य आहे. म्हणाला, "पत्रिका वाटल्या, शेठ. मांडव उद्या लागतोय. तुमी माघार घेतली आसं झालं तर त्या लोकांना काय वाटंल?" कोणत्या लोकांना? म्हणाला, "सगळ्याच."
वेळापत्रक भिंतीवर लावलं. अकराला समारोप. अकरा पाचला गाडीत.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी ९.००
तयार. आत लग्नाचा रेशमी झब्बा, वर सत्काराचं जाकीट. जाकीट गाडीत काढायचं. ही वही जाकिटाच्या खिशात. वेळ नोंदवत राहिलं की वेळ ताब्यात राहते.

१०.००
कोणीही नाही. खुर्च्या आणि मी.

११.१०
कोंडाजी आला. चाळीस गाड्या, हलगी. मला फेटा बांधायला तीन माणसं.

११.३५
दीपप्रज्वलन. पंख्याने वात विझते. पंखा बंद केला की पाहुणे उठतात.

११.५५
प्रास्ताविक. वक्ता संस्कृतीच्या सुरुवातीपासून निघालाय. अजून सप्तसिंधूत आहे. मी लिहितोय ते लोकांना भाषणाचे मुद्दे वाटतायत.

१२.०४
कोंडाजीच्या कानात म्हटलं, निघतो, लेकीचं लग्न आहे. तो कानातच म्हणाला, "सत्कारमूर्तीच उठला तर शाल काय खांबाला घालू? पाच मिनिटं."

१२.१२
लघुशंकेच्या नावाखाली निसटलो. माझी गाडी भिंतीला, पुढे चाळीस गाड्या, दारात कोंडाजीची आडवी. ड्रायव्हर जेवायला बसलेत. महिपतीआबा धावत आले. "शेठ, माझी लुना हाय भायेर. बसा मागं. इस-पंचवीस मिंटात सोडतो."
लुना. हायवेवर. या फेट्यात. आणि चौकाचौकात माझेच फ्लेक्स. बघणारे काय म्हणतील?
आबा म्हणाले, "फेटा काढा की."
तीन माणसांनी बांधलेला. सुटेना. खरं म्हणजे मी फार ओढला नाही. तेवढ्यात माईकवर माझं नाव.

१२.२९
स्टेजवर. शाल. मोबाईल थरथरला. श्रीयशचा मेसेज. 'काका, ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. काकू वाट बघतायत. ही लिंक, लाइव्ह चालू आहे.'

१२.३८
शालीखाली मोबाईल. अंतरपाट धरलाय. आवाज बंद ठेवलाय, कारण इकडे कोंडाजी 'लेकीबाळींचे बाप' या विषयावर बोलतोय. अंगण छोटं आहे, पण छान दिसतंय. पोरगा कॅमेरा चांगला धरतो. वल्लरी मोरपंखी नेसलीय. अरुंधतीशेजारचा पाट रिकामा. विहंग पाहुण्यांना अक्षता वाटत फिरतोय. अंतरपाट निघाला.

इकडे त्याच वेळी माझ्यावर पुष्पवृष्टी सुरू झाली. मांडीवर पडलेल्या पाकळ्या मूठभर उचलल्या आणि मोबाईलवर टाकल्या. पाकळ्या ओल्या होत्या. व्हिडिओ बंद पडला.

१२.४१
परत लागत नाही. बोटं पुसली, जाकिटाला, झब्ब्याला, शालीला. कोंडाजीने वाकून विचारलं, "शेठ, खाली काय बघताय?"
म्हटलं, ट्रॅफिक.