मुठीला कोणतं तेल

बाबा, तुमच्या लेथवर सध्या मी काम करते. पट्टा नवा बसवला आहे, मशीन पुसून ठेवते, त्याची काळजी करू नका. अडलं आहे ते जर्मनपाशी. ॲल्युमिनियमला तुम्ही जन्मभर जर्मनच म्हणालात आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन, तोच विषय शाळेत शिकवून, हेडबाई होऊन मी निवृत्त झाले तरी घरात माझ्याही तोंडी तोच शब्द येतो. कापताना ते टूलच्या टोकाला चिकटतं, तिथे त्याचाच गोळा बसतो आणि मग धार कापत नाही, ओरबाडते. वरून योग्य ते तेल पडत राहिलं तरच सुटतं. योग्य कोणतं, एवढाच प्रश्न आहे, आणि उन्हाळा लागल्यापासून मी त्या प्रश्नातून बाहेर आलेली नाही.

तुमच्या जावयांच्या वॉकरसाठी मूठ करायची आहे. त्यांची फुप्फुसं आकसत चालली आहेत. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. मला असंच बोलणं आवडतं, पण त्या दिवशी जिना उतरताना कठडा सोडवेना. आता नंदनवनच्या आपल्या घरात, मागच्या खोलीत त्यांची खाट आहे आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असतं. बोटं पूर्ण मिटत नाहीत, वॉकरची रबरी मूठ घामानं निसटते. जाड मूठ हवी, पण लोखंडाची त्यांना उचलणार नाही. आणि गुळगुळीत हवी, कारण गोळ्यांनी त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, जरा खरखरीत लागलं की रक्त येतं. त्यांचं मागणं एकच आहे, संडासला आपल्या पायांनी जायचं. मी खाटेखाली भांडं आणून ठेवलं, तेव्हा ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी लहान होते तेव्हा, दसऱ्याच्या आधी मशीनची साफसफाई चालली असताना तुम्ही मला खापरखेड्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं. तुम्ही लेथसमोर उभे आहात, डाव्या हातात ब्रश, ब्रशातून रॉकेल ठिबकतं आहे आणि जर्मनची लांब चकचकीत साल वळत वळत खाली पडते आहे. मी पुढे सरकते. "मांगं हो वं, फ्रॉकावर उडन!" तुम्ही ओरडता. मी विचारते, रॉकेल कशाला? "जर्मनले तहान लई असते. पाजत राहा लागते." पुढे मी बीएस्सी झाले तेव्हा तुम्ही जर्मनचा एक पेपरवेट करून दिलात. त्यात स्वतःचे दात दिसत. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती, मी तोंड फुगवून बसले. "घड्याळ बंद पडते," तुम्ही म्हणालात आणि जेवायला बसलात.

म्हणून मीही रॉकेलच आणलं. रेशनवर आता मिळत नाही, रंगाच्या दुकानातून बाटली मिळवली. ऑक्सिजनजवळ ते न्यायचं नाही हे मला कळत होतं. लेथ मागच्या टिनाच्या शेडमध्ये आहे. मधलं दार लावलं, फटीत ओली चादर कोंबली आणि काम सुरू केलं. मूठ आरशासारखी निघत होती. मला इतका आनंद झाला की आतला खोकला बऱ्याच वेळानं कानावर आला. त्यांच्या खिडकीला कूलर लावलेला आहे आणि त्याची पाठ शेडमध्ये. दारं लावून मी रॉकेलचा वास अडवत होते आणि कूलर तोच ओढून, वाळ्याच्या ताट्यांतून गार करून त्यांच्या तोंडावर फेकत होता. आयुष्यभर नागपुरात राहिलेल्या बाईला कूलर हवा कुठून घेतो हे सुचलं नाही. ठिणगीच्या भीतीनं आधी ऑक्सिजनचं यंत्र बंद केलं, मग कूलर, मग दोन्ही दारं उघडून त्यांना बसतं केलं. ओठ निळे पडले होते. वास गेल्यावर यंत्र पुन्हा लावलं. श्वास थाऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "हेडबाई, कूलरात पाण्याऐवजी रॉकेल भरलं का?"

कूलर बंद ठेवावा तर ह्या उन्हात खोलीची भट्टी होते, त्यानंही त्यांना धाप लागते. म्हणून आता सकाळी, ऊन चढायच्या आत काम करते. रॉकेल बाद, स्पिरिटही त्याच कारणानं बाद. इंजिन ऑइलचा धूर झाला. खोबरेल लावलं तर खाटेवरून आवाज आला, "अवं, भजे तळून राहिली का? मले दोन दे." त्यानं काम बरं होत होतं, पण शेवटच्या हाताला चरे राहिले. मग पाण्यात मिसळलं की पांढरं होणारं कटिंग ऑइल आणलं. बोअरच्या पाण्यात ते दुधासारखं फाटलं, वर लोणी तरंगलं. कठीण पाण्यात तसंच होणार, हे मी पोरींना फळ्यावर साबणाचं समीकरण लिहून शिकवलेलं आहे. पिण्याचं आरओचं पाणी घेतलं, तेल कमी टाकलं आणि चूळभर वाटीत घेऊन ब्रशानं थेंब थेंब सोडलं. वाफ नाही, वास नाही. तुमच्या रॉकेलइतकी चमक येत नाही, पण गालावरून फिरवली तरी मूठ लागत नाही.

त्यांना हे ठाऊक नाही. रोज सकाळी विचारतात, "झालं का वं तुझं?" आणि मी रोज सांगते, फिनिश नाही आलं, तेल बदलून पाहते. ते मान हलवतात. काल उठून बसतानाच त्यांना धाप लागली, पाय जमिनीला टेकवून तसेच बसून राहिले आणि मग म्हणाले, "मूठ झाली की मंग जाऊ." भांडं मीच पुढे केलं. ह्या वेळी रुसलेसुद्धा नाहीत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. मूठ तयार होऊन आठवडा झाला, बाबा. पिठाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. मूठ नाही म्हणून जात नाही, एवढं तरी त्यांना म्हणता येतं. शेडमध्ये जाते, लेथ सुरू करते आणि काही न कापता नुसती उभी राहते.