नाही म्हणायचा मान

अक्का,

माझं स्थळ घेऊन तू धुळ्याला गेलीस, त्याचा खर्च आज मी मनात मांडला. एसटीचं जायचं-यायचं तिकीट, माझ्या मनगटावर शेजारच्या नानांचं उसनं घड्याळ आणि परत आल्यावर गल्लीचं हसणं. तिकीट-घड्याळाचं काही नाही, हसणं महाग पडलं असणार. मी झेरॉक्सच्या मशीनवर उभा राहणारा, बारावी कसाबसा झालेला. आणि तू निवडलेलं घर कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचं.

पंचक्रोशीतली लग्नं तू चुलीपुढे बसून जुळवायचीस. कळण्याची भाकरी थापता थापता समोरच्याला तीन घरं सांगायचीस: एक हक्काचं, एक बरोबरीचं, एक आशेचं. माझ्या वेळी मी कुरकुरलो होतो, "आशेचं कशाला? नाहीच म्हणतील ते." तू तव्यावरून नजरही उचलली नाहीस. "ना म्हणाना मान त्यासना शे. आपण आधीच कसाले ना म्हणो?" नाही म्हणायचा मान त्यांच्यासाठी ठेवून आपण गेलो आणि ते लोक हो म्हणाले. आता त्याच घरची मुलगी, तुझी सून, माझ्यासमोरच्या टेबलाशी बसून मुलांचे अर्ज तपासते.

तुझाच धंदा करतो मी, अक्का. जळगावात, दोन जिने चढून ऑफिस आहे. फक्त नवरा-नवरीऐवजी मुलं आणि विद्यापीठं. तीही अशी की हजारोंतून मूठभर घेतात. आईबाप विचारतात, नंबर लागेल का? मी गुण बघतो, निबंध वाचतो, पण खरा भरवसा कानांवर. पोरगं जिना चढताना घरच्यांशी कसं बोलतं एवढं ऐकलं, की त्याचं कुठे जमेल हे दार उघडायच्या आत मला कळतं. असं मी लोकांना सांगतो आणि धुळ्यापासून दीपनगरपर्यंत लोक ते मानतात.

मागच्या पावसाळ्यानंतर नरडाण्याहून एक मुलगी आली, सोबत कारखान्यात फिटर असलेले वडील. दोन्ही जिने ती गप्प. वडील आत येऊन खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मी मनात खूण केली: दबलेली पोरगी आहे, मुलाखतीत टिकायची नाही. गुण चांगले, पण डोळे दिपवतील असे नाहीत. इंग्रजी अडखळतं. मग कळलं की कॉलनीतल्या प्रत्येक बोअरचं पाणी ती दोन वर्षं तपासतेय. का, विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून."

ते ऐकून मी हसलो, खूशही झालो. आणि तरी तिच्या यादीतलं सगळ्यात वरचं, परदेशातलं नाव खोडलं. वडील म्हणाले, "सर, खरं सांगा. मन्ही पोरना नंबर लागी का?" मी म्हणालो, "तिथे नाही, भाऊ. उगाच आशा कशाला?" त्यांनी मान हलवली. मुलीने कागदांची पिशवी उचलली.

ते खालच्या जिन्यावर पोचले असतील तेवढ्यात तुझी सून चष्मा पुसत बोलली, "अक्कांनी धुळ्याचं घर असंच खोडलं असतं, तर आत्ता चहा कुणाकडे मागितला असता तुम्ही?"

चहा मी मागितलाही नव्हता. उठलो, कठड्यावरून वाकून हाक मारली, "ओ भाऊ, वर या परत." खोडलेलं नाव परत लिहिलं आणि तुझं वाक्य तुझ्या भाषेत जसंच्या तसं सांगितलं. जागा थोड्या, रांग मोठी, हेही सांगितलं. मुलगी तेव्हा पहिल्यांदा हसली. निबंध तिने डाळीपासूनच सुरू केला.

आज सकाळी तिचा फोन आला. त्या आशेच्या घराने मुलाखतीला बोलावलंय. निकाल अजून लांब आहे आणि या वेळी मी अंदाज सांगितला नाही. विचारलाही नाही तिने.

तुला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो. आता तूही नाहीस, तेव्हा हे पाठवण्याचा प्रश्न नाही. लिहिताना मोठ्याने वाचतोय, एवढंच. फोन ठेवता ठेवता मी तिला विचारलं, त्या दिवशी जिन्यात एवढी गप्प का होतीस? ती म्हणाली, "पप्पांना चढताना दम लागतो, सर. मी बोलले की ते उत्तर देतात."