मावशीच्या रंगकांड्या

३ मार्च

ती. मावशीस,
खारूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला फार राग आला. पहिल्यांदाच नाटकात मुख्य काम मिळालं म्हणून मी उड्या मारत कळवते, आणि तू लिहितेस की रंगभूषेला दुसरं कोणी बघ. का, तर अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझा उजवा हात थरथरतो. अगं, फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तुझ्या रंगपेटीशेजारी बसून ऐकत आलेय की माझा पहिला चेहरा तूच रंगवणार. ते काय मला गप्प बसवायला होतं?

सोबत एक डबा पाठवतेय. हल्ली सगळं कांडीत मिळतं. फाउंडेशन, गालांची लाली, सावलीचा तपकिरी रंग, काजळसुद्धा. बूड फिरवायचं, चेहऱ्यावर ओढायचं आणि बोटाने पसरायचं. ब्रश नको, ओला स्पंज नको. आधी स्वतःवर करून बघ, मग काय ते बोल. आई म्हणते, तू भयंकर हट्टी आहेस. मी म्हटलं, मग मी भाची कोणाची आहे?

प्रयोग एकवीस तारखेला आहे.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
खारू


८ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

डबा पोचला. तुझ्या कांड्या बघून आधी हसूच आलं. शाळेत कागद चिकटवायला डिंकाच्या नळ्या असतात ना, अगदी तशा. पण घरात बघायला कोणी नव्हतं, म्हणून बसले आरशापुढे. हाताला वळण नाटकाचं. गालाखाली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रंग चांगला दाबून ओढला, शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे ना! बोटाने पसरणार एवढ्यात दाराची बेल वाजली. हाताचे व्यायाम करून घ्यायला येते ती पोरगी. मला बघितलं आणि तिने हातातली पिशवी टाकून मला खुर्चीत बसवलं. कधी पडलात, डोक्याला लागलं का, उलटी झाली का, एकेक सुरू. मी म्हणतेय हा मेकअप आहे, तर तिला वाटलं मी भ्रमात बोलतेय. शेवटी ओल्या फडक्याने गाल पुसून दाखवला तेव्हा बिचारीच्या जिवात जीव आला. मग दोघी पोट धरून हसलो.

आता खरं सांगते. लाली फरफटली. काजळाची कांडी पापणीजवळ नेली आणि हात असा उडाला की रेघ थेट कानापर्यंत. त्या दिवशी सगळे तुझ्याच तोंडाकडे बघणार, आणि त्या तोंडावर वाकडी रेघ माझ्या हातची असणार. नाही जमायचं बाई मला. फार वाईट वाटतंय, पण तू दुसरं कोणी बघ.

राग धरलास तरी पत्र मात्र टाक.

तुझी,
मावशी


१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

राग धरला आहे. तरी पत्र टाकते आहे.

आमच्या दिग्दर्शकांनी एक रंगभूषाकार सुचवलाय. त्याचा हात चांगला आहे म्हणे. असेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू लालीचं लिहिलंस, काजळाचं लिहिलंस, तपकिरी रंगाचं तर रामायण लिहिलंस. फाउंडेशनबद्दल अवाक्षर नाही. ते कसं झालं?

रुसलेली तरी तुझीच,
खारू


१६ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तू पण ना, बरोबर नस पकडतेस. फाउंडेशन जमलं होतं. तसं लिहिलं असतं तर तू तेवढंच धरून बसली असतीस, म्हणून नाही लिहिलं.

हात हवेत असला की थरथरतो. कांडी मुठीत धरून करंगळी गालाला टेकवली की थांबतो. ब्रशचा दांडा लांब, त्याच्या टोकाला थरथर आणखी वाढते. हे कळल्यापासून व्यायामवाल्या पोरीचा चेहरा रोज रंगवते आहे. ती म्हणते, हाही व्यायामच झाला. तिच्या नवऱ्याने विचारलं म्हणे, पेशंटकडे जातेस की फोटो काढून घ्यायला?

डोळ्यांचं वचन देत नाही. पण येते. त्या रंगभूषाकाराला नाही म्हणून सांग.

तुझ्यासाठी भरभरून आशीर्वाद घेऊन निघालेली,
मावशी


२४ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

प्रयोगानंतर तुझ्याभोवती एवढी गर्दी होती की बोलणं झालंच नाही. दिग्दर्शकांना तू ऐटीत सांगत होतीस की मावशीचा हात जरासुद्धा हलला नाही. खोटं बोलू नये गं. डाव्या डोळ्याची रेघ शेवटी वर चढली होती. मी पुसायला गेले तर तूच मान मागे घेतलीस आणि राहू दे म्हणालीस. विंगेतून मला पूर्ण प्रयोगभर तेवढी रेघच दिसत होती. बाकी काम कसं केलंस ते दुसऱ्यांदा बघून सांगेन.

एक मात्र तुला माहीत नाही. ओठ रंगवताना कांडी जागेवर राहीना. मनात म्हटलं, झालं, हाताने दगा दिला. हात मागे घेऊन बघितला, तर तो शांत होता. थरथरत होतीस ती तू, अगदी हनुवटीपासून गुडघ्यांपर्यंत. मग कांडी खाली ठेवली आणि तुझी हनुवटी धरली. उजव्याच हाताने धरली, आणि तू थांबेपर्यंत सोडली नाही.

झटका आल्यापासून जो तो माझाच हात धरतोय गं. त्या दिवशी माझ्या हाताने कोणाला तरी धरलं.

आता पुढच्या प्रयोगाला दुसऱ्या कोणाला बोलावून तर बघ.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी